न्हालेली नाणी

“मुकी नाही गं ती, कोरी आहे. अजून चलनात आलेली नाही, एवढंच.”

दाराबाहेर चपला काढताना हे माझ्या कानांवर पडलं आणि मी एक चप्पल पायात, एक हातात अशी तिथेच थांबले. आत सदूकाका आपल्या बायकोला, इंदूकाकूंना, सांगत होते. वरच्या मजल्यावरची पोर विरजणाची वाटी घेऊन येते, वाटी ठेवते आणि शब्द न बोलता निघून जाते. ती मुकी तर नाही ना, अशी काकूंना शंका आली होती. मी आत पाऊल टाकलं तेव्हा दोघांनीही चेहरे सरळ केले. काकांच्या पुढ्यात पंचा पसरून त्यावर नाणी मांडलेली होती. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, कितवीत आहेस हेही नाही. एक राणीछाप रुपया तेवढा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “राणीची वेणी दिसते का बघ. माझ्या चष्म्याला काही दिसत नाही.”

मी वाकून पाहिलं. राणीच्या डोक्यामागे नुसता गुळगुळीत उंचवटा होता. मी मान हलवली.

“नाही ना? मग आजी,” असं म्हणून त्यांनी तो रुपया डावीकडच्या रांगेत ठेवला. पहिल्या भेटीत माझ्याकडून एकही शब्द वदवून न घेणारं असं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आम्ही तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. माझे वडील इंजिनिअर, सदूकाका स्टोअर्समध्ये कारकून. शाळेत इंग्रजी, घरी मराठी आणि जिन्यात देशभरातून आलेल्या मुलांची हिंदी, अशा तीन भाषांमध्ये मी वाढले. मनात एका भाषेत वाक्य जुळवायचं आणि मग ते दुसरीत आणायचं. तोवर बोलणारे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. हळूहळू मी जुळवणंच सोडून दिलं. लोक म्हणायचे, पोरगी शिष्ट आहे. काका म्हणायचे, कोरी आहे.

या ‘कोरी’चा अर्थ मला पुढे कळला. जुनी नाणी जमवणारे लोक नाण्यांची प्रत ठरवतात. त्यांच्या इंग्रजी पुस्तकांमध्ये त्यासाठी ठरावीक नावं आहेत. काकांनी मात्र आपली वेगळी नावं केली होती. टांकसाळीतून निघून कोणाच्याही हाताला न लागलेलं ते कोरं. जरा हाताळलेलं, पण नक्षी शाबूत, ती नवी नवरी. कडा झिजल्या, चेहरा मऊ झाला, पण अक्षरं अजून वाचता येतात, ती लेकुरवाळी. आणि ज्याचं सगळंच पुसलं गेलं ती आजी. “आजीला बघून ओळखता येत नाही,” ते सांगायचे. “अंगठा फिरवला की कळतं, कोण ते.”

हीच नावं ते माणसांनाही लावायचे. माझे वडील लेकुरवाळे. बोईसरच्या कारखान्यातून रोज कडक इस्त्रीत येणारा समोरच्या बिल्डिंगमधला सुपरवायझर म्हणजे मुलामा दिलेला. “पाऊस पडू दे, आतलं पितळ दिसेल,” असं ते हळूच म्हणायचे आणि काकू आतून त्यांना दटावायच्या की खिडकी उघडी आहे. स्वतःला ते आजी म्हणत. काकूंना त्यांनी कधी कुठली प्रत लावली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “तिच्या बाबतीत आपल्याला कळत नाही बाबा. एकच आहे, दुसरं बघितलं नाही, ताडून कशाशी बघणार?”

रविवारी ते सायकल घेऊन दांडी, नवापूरकडे नाणी शोधायला जात. सुट्टीत कधी मी मागच्या कॅरिअरवर बसून जायची. किनाऱ्यावर मासे वाळत घातलेले असत आणि बायका त्यांना लांबूनच ओळखत. “काय वो नाणीवाले,” एकीनं हाक मारली, “आज कोनाच्या म्हातारीच्या गळ्यावर डोला हाय?” तिथल्या घरांमध्ये जुन्या रुपयांना कड्या लावून माळा केलेल्या असत. काका म्हणाले, गळ्यातलं नको, डब्यातलं असेल तर दाखव. ती म्हणाली, डब्यात आता बोंबलाचा वास तेवढा शिल्लक हाय, तो घेऊन जा. सगळ्या हसल्या. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “पोर तुमची काय?”

काका सायकलची घंटी उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, “शेजाऱ्यांची. उसनी आणलीय.”

परतताना ते बराच वेळ गप्प होते. मला ते बरं वाटलं होतं, कारण मला गप्प राहायला आवडायचं. ते गप्प राहणं वेगळं होतं हे समजण्याइतकी मी मोठी नव्हते.

त्यांच्या संग्रहातलं पहिलं नाणं काकूंचं होतं. लग्नात काकूंच्या आईनं त्यांच्या ओटीत एक राणीछाप रुपया घातला होता. चिंचणीजवळच्या वाडीत केळी, नारळ आणि भाजीची राखण करणाऱ्या घरात तो किती पिढ्या फिरला होता कोण जाणे. राणीचं नाकसुद्धा उरलं नव्हतं. नव्या नवऱ्यानं तो हातात घेऊन विचारलं, ही कोण? काकूंनी म्हटलं, मला काय ठाऊक, आमची आजी असेल. तिथून काकांना नाद लागला आणि आजी हा शब्दही तिथूनच आला.

आणि काकूंचा नेम होता दिवाळीचा. त्यांच्या माहेरी लक्ष्मीपूजनाच्या आधी घरातलं नाणं घरातल्या बाईनं स्वतःच्या हातानं न्हाऊ घालायचं अशी रीत होती. काकांचा छंद वाढला, नाणी वाढली, पण काकूंनी रीत सोडली नाही. धनत्रयोदशीच्या सकाळी परात घेऊन त्या पाटावर बसत. तांब्याच्या ढब्बू पैशांना वाडीतली चिंच, चांदीच्या रुपयांना रिठ्याचं पाणी, आणि दोन्हींना चिमूट चिमूट राख. काका शेजारी बसून एकेक नाणं त्यांच्या हातात द्यायचे. काकू बोलत असायच्या, माझ्याशी नाही, काकांशीही नाही. “इकडं मान कर. कानामागं बघ किती मळ. डोळे मिट, राख जाईल.” मग स्वच्छ टॉवेलवर सगळी ओळीनं मांडायच्या आणि म्हणायच्या, “आता कशी दिसतात, बघा.” काका दरवर्षी तेच उत्तर द्यायचे. “लखलखीत.”

मी नववीत असताना पालघरच्या बाजारातल्या जयंतीभाईंनी काकांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं. जयंतीभाईंचं चांदीचं दुकान होतं आणि जुनी नाणीही ते पारखायचे. काकांचं इंग्रजी, त्यांच्याच शब्दांत, नटबोल्टपुरतं होतं. म्हणून संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. पुस्तकातली माणसं मला घाबरवत नसत, म्हणून तेवढा वेळ माझं तोंड बरं चालायचं. एका पानावर प्रत ठरवण्याचे नियम होते. त्यातला एक नियम मी वाचला आणि मराठी शब्दासाठी अडले. नाण्यावर काळानं जी छटा चढते ती जपायची असते. ती काढून टाकली तर नाणं कितीही सुरेख असो, त्याला प्रत राहत नाही, जाणकार त्याला हात लावत नाहीत. कसं नाणं, हे सांगायला मला शब्द सापडेना. शेवटी मी म्हणाले, “आंघोळ घातलेलं.”

आत काकू खोबरं किसत होत्या. किसणीचा आवाज येत होता. काकांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले. मी वाचलं. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, त्यांना न कळणाऱ्या त्या ओळीवर बोट ठेवून ती पाहिली आणि पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता ते आत जाऊन काकूंना सांगतील. कोणीही सांगितलं असतं. त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली.

“आंघोळ घातलेलं नको म्हणू,” ते म्हणाले. “न्हालेलं म्हण. आपल्याकडची न्हालेली आहेत. आणि हे आपल्या दोघांत राहू दे. तुझ्याकडे ठेवलेलं बाहेर जायचं नाही, हे मला माहीत आहे.”

त्या दिवाळीला ते पुन्हा परातीशेजारी बसले आणि एकेक नाणं काकूंच्या हातात देत राहिले. मी दारात उभी होते. राख अंगठ्याखाली करकरताना पहिल्यांदाच मला तो आवाज ऐकू आला. काकांनाही येत असणार.

पण त्यांना काही वाटत नव्हतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांच्यासारखा हौशी माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा जयंतीभाईंनी दुकानात त्यांना एक खरं कोरं नाणं दाखवलं होतं. त्याबद्दल सांगताना काकांचा आवाज खाली यायचा. “राणीच्या वस्त्राची वेलबुट्टी मोजता येते गं. केसाचा एक एक पेड. शंभर वर्षांमागची सकाळ कोणीतरी डबीत झाकून ठेवावी, तसं.” मग ते आपल्या पंच्यावरच्या रांगेकडे बघायचे.

जयंतीभाई त्यांना नेहमी एकच सांगत. “काका, तुमची ही सगळी घासलेली. घासलेल्याला ग्रेडच नाय. आता जमवायचा बंद करा आणि बदलायचा चालू करा. एक आजी काढा, त्या जागी एक कोरी आणा. दहा वर्षांत बघा, पालघरमधी असा संग्रह कोणाकडे नाय.” त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. नाणी जमवणारे लोक असंच करतात. आणि सगळ्यात कमी प्रतीचं असेल त्यापासून सुरुवात करायची असते. काकांच्या संग्रहात सगळ्यात कमी प्रतीचा होता ओटीतला रुपया.

दोन वर्षं काका या एका प्रश्नाभोवती फिरत होते. संध्याकाळी मला वाद घालायला लावायचे. मी एका बाजूनं बोलायचं, त्यांनी दुसऱ्या, आणि मध्येच बाजू बदलायच्या. “कोरं नाणं म्हणजे काय?” ते विचारायचे. “बाजार बघितला नाही, भाजी घेतली नाही, कोणाच्या कनवटीला लागलं नाही. त्याचं एवढं कौतुक का?” आणि लगेच स्वतःच म्हणायचे, “पण काय दिसतं ते.” बदलायचं म्हणजे काकूंना सांगावं लागणार होतं की नव्यांना हात लावायचा नाही. का नाही, हे सांगावं लागणार होतं. मग जुन्यांचं काय झालं तेही. प्रश्न तिथे येऊन थांबायचा आणि काका तपकिरीची डबी काढायचे.

तरी एका उन्हाळ्यात त्यांनी बोईसरच्या सुताराकडून सागवानी खोका करून घेतला. आत मखमल आणि प्रत्येक नाण्यासाठी गोल खाच. काकूंनी विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, नव्या पाहुण्यांसाठी. काकू हरखल्या. त्यांनी त्या रिकाम्या खोक्याला हळदकुंकू लावलं.

दिवाळीच्या आधी काका पालघरहून एक रुपया घेऊन आले. ओटीतल्यासारखाच राणीछाप, पण कोरा. जयंतीभाईंनी सांगितलं होतं, आवडला तर ठेवा, नाहीतर दिवाळीनंतर परत आणा. काकांनी तो मला जिन्यात दाखवला. किती वर्षं कोणाच्या पेटीत कागदात गुंडाळलेला होता, त्यामुळे त्याच्यावर निळसर करडी छटा चढली होती, पावसाळी संध्याकाळच्या समुद्रासारखी. खाली नक्षी अशी जिवंत की मला ती पाहताना श्वास सावकाश घ्यावासा वाटला. राणीची वेणी होती. पेडांसकट.

“यंदा सांगणार,” काका म्हणाले. “इंदू समजून घेईल. तू मात्र ये. तुला काही बोलायचं नाही. नुसती बस, म्हणजे मला धीर येईल.”

मी गेले. परात मांडलेली होती, रिठ्याच्या फेसाचा वास घरभर होता. सगळी नाणी न्हाऊन झाली, टॉवेलवर ओळ लागली. ओटीतला रुपया काकू नेहमी शेवटी घ्यायच्या, तोही झाला. मग काकांनी शर्टाच्या खिशातून तो करडा रुपया काढला आणि पाटाच्या कडेला ठेवला. त्यावर बोट टेकवूनच ते म्हणाले, “इंदू, हा बघ. तुला एक सांगायचं आहे.”

“अगोबाय,” काकू म्हणाल्या, “हा कुठं राहिला होता? सगळी न्हाली आणि हा एकटाच पारोसा?”

काकांचं तोंड उघडं राहिलं. मला हसू आलं. पारोसा हा शब्द मी माणसांशिवाय कोणासाठी ऐकला नव्हता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात राखेत बुडलेला होता आणि चेहऱ्यावर हसूच होतं.

“हसतेस काय गं? आमच्या घरात दिवाळीला न्हाऊ घालायला दुसरं कोण हाय?”

त्या सहज बोलल्या. इतक्या सहज, की आधी किती वेळा ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं असेल हे त्यातून कळावं. काका त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांचं बोट रुपयावर होतं. मला ते बोट अजून दिसतं: पेराजवळ शाईचा डाग, नखाला तपकिरीचा रंग. मग ते बोट उचललं गेलं.

“हो, तो राहिला,” काका म्हणाले. “घे.”

काकूंनी रुपया घेतला, रिठ्यात बुडवला, राख घेतली. “किती दिवसांचा मळ हाय हा,” म्हणत त्यांनी तो नीट घासला, आधी चेहरा, मग पाठ, मग कडेचे दाते. करडा निळा रंग फेसात उतरला आणि परातीतल्या पाण्यात नाहीसा झाला. काका शेवटपर्यंत बघत होते. मान वळवली असती तर त्यांना कोणी काही म्हटलं नसतं.

“आता कसा दिसतो?”

“लखलखीत,” काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा होता. म्हणूनच मी उठून बाहेर आले.

दिवाळीनंतर ते पालघरला जाऊन आले. रुपया ठेवून घेतला, पण यापुढे काही बदलायचं नाही, एवढंच जयंतीभाईंना सांगितलं. सागवानी खोक्यात त्यांनी जुनीच नाणी बसवली. पहिल्या खाचेत ओटीतला रुपया, शेजारी तो. मी विचारलं नव्हतं तरी मला म्हणाले, “ठरलं. जागा यांचीच आहे.” पण कधी संध्याकाळी मी वाटी घेऊन जायची तेव्हा ते भिंग लावून त्याच एका रुपयाकडे बघत बसलेले असत. वेणीच्या पेडांवर बारीक ओरखडे उठले होते. मी आलेली दिसले की भिंग खाली ठेवायचे. “कोरी होती बिचारी,” ते एकदा म्हणाले. “आमच्या घरात आली आणि लेकुरवाळी झाली.” आणि हसले. त्या हसण्यात खंत अजिबात नव्हती असं मला म्हणता येणार नाही. ती असूनही ते हसले, हे मला जास्त मोठं वाटतं.

पुढे मी पालघरला कॉलेजला जाऊ लागले. सकाळी बस पकडायला निघाले की काका खिडकीतून विचारायचे, “काय, आलीस का चलनात?” मी म्हणायची, अजून नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. हा आमचा दोघांचा विनोद होता, रोज तोच आणि रोज पुरणारा. मी बोलकी व्हायला हवं असं त्यांना वाटायचं, असं नाही. नाण्यानं कधी बाहेर पडायचं ते नाण्यानंच ठरवावं, असं ते म्हणायचे. हात मात्र कोणाचा लागतो ते बघावं.

भाद्रपदात एके दिवशी वर्गात बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उभी राहून बोलले. मराठीत, न जुळवता, चांगली दहा-बारा वाक्यं.  परतीच्या बसमध्ये सगळा रस्ता मी एकच ठरवत होते की आज काकांनी विचारलं की लगेच सांगायचं नाही, आधी नेहमीसारखं ‘अजून नाही’ म्हणायचं आणि मग सांगायचं.

जिन्याशी आले तर त्यांच्या दाराबाहेर चपलाच चपला होत्या. दुपारी स्टोअर्समध्ये त्यांच्या छातीत कळ आली होती. वसाहतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की सकाळी डब्यात त्यांना आवडतं ते वालाचं बिरडं दिलं होतं, डबा तसाच परत आला. मी त्यांच्याजवळ बसले. त्या दिवसाची माझी सगळी वाक्यं तशीच राहिली.

त्या वर्षी त्या घरात दिवाळी नव्हती. क्वार्टर सोडून काकू माहेरच्या वाडीत भावाकडे जाणार होत्या. भांडी बांधून झाली, तेव्हा त्यांनी जयंतीभाईंना निरोप पाठवला. विकायचं काही त्यांच्या मनात नव्हतं. पालघरला कधी नाण्यांचं प्रदर्शन भरतं हे त्यांनी काकांच्या तोंडून ऐकलं होतं. “एवढी हौस त्यांची,” त्या मला म्हणाल्या, “चार लोकांनी काचेतून बघावी, खाली त्यांचं नाव असावं. दुसरं काय मागते मी?” जयंतीभाई यायचे होते त्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. माणूस परका, मी एकटी, तू नुसती बस, म्हणाल्या.

जयंतीभाई आले, काकांच्या फोटोला हात जोडले, खोका मांडीवर घेऊन उघडला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यांनी एकेक नाणं उचललं आणि जागच्या जागी ठेवलं. मग तो एक रुपया उचलला, खिडकीकडे धरला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“हा तर मीच दिलेला,” ते म्हणाले. “याला काय झाला? हा पण घासला?” आणि मग, मन दुखवायचा कुठलाच हेतू नसताना, “काकी, माफ करा. प्रदर्शनात ही कोणी घेणार नाय. सगळी घासलेली. काका एवढा समजणारा माणूस, कोणाच्या हातात दिली ही?”

काकूंना आधी प्रश्न कळला नाही. “मीच घासते की,” त्या सरळपणे म्हणाल्या. “दर दिवाळीला. का?”

 जयंतीभाईंना कळलं आणि त्यांनी सावरायचा प्रयत्न केला, की घरची रीत असते, देवाचं असतं, तशी काही हरकत नाही. पण काकूंनी पुन्हा विचारलं, आणि त्यांना सांगावं लागलं. त्यांनी शक्य तितक्या हळू सांगितलं. मग खोका पाटावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

काकू आपल्या तळव्यांकडे बघत होत्या. चिंचेनं, राखेनं, वर्षानुवर्षांच्या भांड्यांनी रेषा पुसट झालेले तळवे. “म्हणजे खराब झाली ती,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं. ते शेजारी बसून देत होते आणि मी घासत होते.” पुन्हा म्हणाल्या, “जन्माची हौस होती त्यांची. मी घासून टाकली.” आणि मग माझ्याकडे वळून, जणू त्यातल्या त्यात एक बरी गोष्ट सापडली म्हणून, “त्यांना कळलं नाय, ते बरं झालं. कळलं असतं तर माझं तोंड बघितलं नसतं.”

आपल्या दोघांत राहू दे, असं काका म्हणाले होते. तुझ्याकडे ठेवलेलं बाहेर जायचं नाही, असंही. मी ते इतकी वर्षं सांभाळलं होतं, आणि न बोलणं ही एकच गोष्ट मला उत्तम येत होती. काकूंनी तळवे पदराखाली घेतले, लपवावेत तसे. मी खोक्यातून तो रुपया आणि ओटीतला रुपया, दोन्ही उचलले, त्यांचे हात पदराखालून बाहेर काढले आणि नाणी त्यांत ठेवली. कुठल्याही भाषेत वाक्य जुळवायला मी थांबले नाही.

“घासलेली नाहीत, काकू. न्हालेली आहेत. हा शब्द काकांचाच आहे. मी नववीत होते तेव्हापासून त्यांना सगळं माहीत होतं, आणि हा पारोसा रुपया त्यांनी माहीत असूनच तुमच्या हातात दिला.”